वैद्यबुवांच्या सायकलीचा ब्रेक

एका गावात एक वैद्य होता आणि एक सायकलमिस्त्री होता. मिस्त्रीला खोकला झाला की तो वैद्याकडे जाई, आणि वैद्याची सायकल कुरकुरली की ती मिस्त्रीकडे येई. गोष्ट फार जुनी नाही, पण तेव्हा आसपासच्या सात गावांत मिळून पंधरा-वीस सायकली होत्या, आणि त्या सगळ्या याच एका मिस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या होत्या.

वैद्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. बुवांच्या हाताला गुण होता, यात शंका नाही. नाडीवर बोटं ठेवून ते डोळे मिटायचे आणि डोळे उघडले की रोगाचं नाव सांगायचे. औषध लागू पडलं नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर बुवांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पथ्य मोडलंस ना? काय खाल्लंस ते आधी सांग." शंभरातल्या नव्वदांनी काहीतरी खाल्लेलं असायचंच. त्यामुळे बुवा कधी चुकत नाहीत अशी गावाची खात्री झाली होती, आणि गावापेक्षा जास्त ती बुवांची झाली होती.

शिवाय बुवांची जीभ मोठी तल्लख. एकदा एका आळशी माणसाला ते म्हणाले, "तुझ्या हाडांना काही झालेलं नाही, ती फक्त वापरलेली नाहीत." झालं. त्या माणसाचे केस पिकले तरी गाव त्याला 'बिनवापराची हाडं' म्हणूनच ओळखत होतं. बुवांचं बोलणं असं लोकांच्या तोंडी बसायचं आणि बुवांना त्याचं मनातून फार कौतुक वाटायचं.

मिस्त्रीचं सगळं याच्या उलट. तो बोलायचा कमी. चावडीपुढच्या मैदानात दर आठवड्याला बाजार भरायचा, त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. त्याची एक रीत होती. ब्रेकचं काम केलं की सायकल तो लगेच मालकाच्या हाती देत नसे. देवळापासून चावडीपर्यंत चांगला उतार होता. त्या उतारावरून तो स्वतः एकदा सायकल सोडायचा, मध्येच ब्रेक दाबून जागच्या जागी थांबायचा, आणि मगच "घ्या" म्हणायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला तेवढं थांबावंच लागे.

त्या वर्षी नवरात्रात बुवांच्या सायकलीच्या ब्रेकचे रबर झिजून गेले. मिस्त्रीने नवे बसवले, उतारावर आपली फेरी मारली आणि सायकल बुवांच्या ओसरीला नेऊन लावली. बुवा तेव्हा आत एका रोग्याची नाडी बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी ज्याच्या-त्याच्या घरी ज्याच्या-त्याच्या हत्याराची पूजा. शेतकऱ्याने नांगर धुतला, सुताराने करवत पुसली, बुवांनी खलबत्ता घासून ठेवला आणि सायकल विहिरीवर नेली. बुवांचं काम नेहमी नीटनेटकं. सायकल धुतली, कोरडी केली, मग खोबरेल तेलात फडकं बुडवून तिला नखशिखांत पुसायला बसले. दांडा झाला, हँडल झालं, मडगार्ड झालं. मग त्यांनी चाकांच्या कडांना हात घातला.

"अहो, चाकाला कशाला तेल?" बुवांच्या पत्नीने विचारलं.

"देवापुढे ठेवायची वस्तू अर्धी चमकून चालत नाही," बुवा म्हणाले, आणि दोन्ही चाकांच्या लोखंडी कडा त्यांनी अशा पुसल्या की त्यात तोंड दिसावं. मग हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली. सायकल इतकी देखणी दिसत होती की शेजारपाजारचे लोक बघायला आले.

दसऱ्याचा दिवस सोनं लुटण्यात गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. बुवांना पलीकडच्या वाडीत एका बाळंतिणीला बघायला जायचं होतं. औषधांची पिशवी हँडलला अडकवून ते देवळापाशी सायकलवर बसले आणि उताराला लागले.

अर्ध्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. पुन्हा दाबला. सायकल जरा जास्तच जोरात निघाली. "बाजूला व्हा, बाजूला व्हा," असं ओरडत बुवा भर बाजारात शिरले आणि थेट कुंभारणीच्या दुकानात जाऊन आडवे झाले. दिवाळी तोंडावर आल्याने तिने पणत्यांची रास मांडली होती. त्या राशीवर बुवा, बुवांवर सायकल, आणि सगळ्यांच्या वर झेंडूची माळ.

लागलं काही फार नाही. कोपर खरचटलं, धोतर फाटलं. पण बाजार हसला. आधी एक हसला, मग दोघं, मग झाडून सगळे हसले. ज्या माणसाकडे बघून आजवर कुणी हसलं नव्हतं, तो माणूस पणत्यांच्या खापऱ्यांत बसून आपलं पागोटं शोधत होता. बुवांचे कान तापले. आणि एवढ्यात त्यांना समोर मिस्त्रीचं दुकान दिसलं.

मिस्त्री धावत बाहेर आला होता. त्याने बुवांना हात देऊन उठवलं आणि सायकलकडे वळला.

"हात लावू नकोस," बुवा गरजले. "एकदा लावलास तेवढा पुरे."

"बुवा, झालं काय?"

"काय झालं ते मला विचारतोस? ब्रेक लागत नाही. हे काम केलंस तू? माझा जीव गेला असता."

"असं कसं व्हईल? म्या सोता उतारावर फेरी मारली व्हती."

"कुणी पाहिली तुझी फेरी?"

"कुणी बघाय पाहिजे असं न्हाई बुवा, मी मारतोच," मिस्त्री म्हणाला. मग जरा अडखळत त्याने विचारलं, "रागावू नका, पर सायकलीला काय लावलंवतं का तुमी?"

आता हा प्रश्न कसा होता बघा. रोज दहा रोग्यांना बुवा जे विचारत, तेच मिस्त्रीने बुवांना विचारलं. 'पथ्य मोडलंत का' एवढंच त्याचं म्हणणं. पण जो प्रश्न विचारायची बुवांना सवय होती, तो ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्यांना वाटलं, चूक स्वतःची आणि हा ढकलतोय माझ्यावर, तेही सगळ्या बाजारादेखत.

बुवांनी लोकांकडे पाहिलं. हसू अजून पुरतं विरलं नव्हतं. ते आपल्यावरून दुसऱ्या कुणावर तरी ढकलणं भाग होतं. त्यांनी मिस्त्रीचा उजवा हात मनगटाला धरला, नाडी बघताना मिटत तसे डोळे मिटले, उघडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, या माणसाचा हात गेलाय. आणि सोबत जीभ खोटं बोलायला लागली आहे. यापुढे जो याच्याकडे सायकल देईल, तो माझ्याकडे हाडं जोडायला येईल."

बाजार पुन्हा हसला, पण आता मिस्त्रीला हसला. मिस्त्रीने आपला हात हळूच सोडवून घेतला. बुवांना हायसं वाटलं. फुटलेल्या पणत्यांची भरपाई त्यांनी तिथल्या तिथे केली, अगदी ऐटीत केली, आणि सायकल हातात धरून घरी गेले.

सायकलीवाचून बुवांचं अडायला लागलं. सात गावं पायी फिरणं त्यांच्या वयाला झेपेना. मिस्त्रीकडे जायची वाट त्यांनी स्वतःच बंद करून घेतली होती. शेवटी आठ-दहा दिवसांनी सायकल ढकलत ते तालुक्याच्या गावी गेले. तिथे मोटारस्टँडजवळ एक जाडजूड दुकानदार पान चघळत बसला होता. बुवांनी त्याला सगळी कहाणी सांगितली. आमच्या गावच्या मिस्त्रीने कसं बिघडवून ठेवलं, ते जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं.

दुकानदाराने ऐकलं न ऐकलंसं केलं. त्याने चाकाच्या कडेवरून एक बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि म्हणाला, "खोबरेल. चांगल्या प्रतीचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पूजा जोरात झाली. दरवर्षी दसरा झाला की अशा चार-सहा सायकली येतातच माझ्याकडे. लोक भक्तीने चाकाला तेल चोळतात, मग रबराने धरायचं कशाला? तेलाला?" त्याने रॉकेलच्या फडक्याने दोन्ही चाकांच्या कडा खसाखसा पुसल्या, रबर काढून घासले, परत लावले, चाक फिरवून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. दुकानदाराने वाकून ब्रेक नीट न्याहाळला. "काम कुणाचं आहे हे? हात चांगला आहे. आमच्या इथे इतके सरळ रबर कुणी बसवत नाही."

"आमच्याकडचा एक आहे," बुवा म्हणाले. नाव त्यांच्या तोंडातून निघेना.

परतीची वाट दोन कोसांची होती. सायकल दुरुस्त झाली होती, तरी पहिला अर्धा कोस बुवा तिच्यावर बसलेच नाहीत. बायकोचे शब्द आठवत होते. चाकाला कशाला तेल, असं एवढं सरळ विचारलं होतं तिने. मिस्त्रीनेही तेच विचारलं होतं. दोघांनी विचारलं आणि दोघांना आपण गप्प केलं. ज्या हाताची तालुक्याचा दुकानदार तारीफ करत होता, तोच हात आपण भर बाजारात धरून 'गेला' म्हणून सांगितलं. पुढे ते सायकलवर बसले. जिथे उतार येई तिथे ब्रेक दाबत, आणि ब्रेक चोख लागे. तो जितका चोख लागे तितकी बुवांची मान खाली जाई. लाज वाटणं म्हणजे काय, हे बुवांना त्या वाटेवर वयाच्या साठाव्या वर्षी कळलं.

आता माणूस अगदीच वाईट नव्हता. माफी मागायची, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. फक्त ती कशी मागायची, हेही त्यांनी स्वतःच्या सोयीने ठरवलं. दिवेलागणीला रस्ता मोकळा झाला, तेव्हा च्यवनप्राशाची एक बरणी उपरण्याखाली घेऊन ते मागच्या बोळाने मिस्त्रीच्या घरी गेले. मिस्त्रीची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. बुवा तिथेच चुलीपाशी पाटावर बसले, बरणी पुढे ठेवली आणि हळू आवाजात म्हणाले, "माझं चुकलं रे. मीच तेल लावलं होतं."

मिस्त्री म्हणाला, "असू द्या बुवा. माणूस हाय, व्हतंय."

बायकोने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी तिने उलटली, एवढंच.

बुवा घरी आले, पोटभर जेवले आणि गाढ झोपले. त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

पण गावाच्या लेखी कुठे मिटलं होतं? बोळातून आत शिरलेली माफी कुणी पाहिली नव्हती. बाजारातलं वाक्य मात्र सात गावांत फिरत होतं. कुणी मिस्त्रीच्या दुकानाकडे वळलं की दुसरा हटकायचा, "काय रे, हाडं जोडून घ्यायची आहेत का?" की वळलेला माणूस परत फिरायचा. दूधवाल्याने सायकल तालुक्याला नेली. शाळामास्तरांनी नेली. पंक्चर काढायलासुद्धा लोक दोन कोस चालत जाऊ लागले. त्यांना मिस्त्रीचा राग नव्हता. वैद्यबुवांनी नाडी बघून सांगितलंय म्हणताना विषयच संपत होता.

बुवांच्या हे कानावर आलं, तेव्हा त्यांना बेचैन वाटलं. खरं सांगून टाकावं, असं दोन-तीनदा ओठांवर आलं. पण लगेच दुसरा विचार येई. सायकलीचं निदान चुकलं असं मी म्हटलं, तर लोक म्हणतील, मग आमच्या पोटदुखीचं काय? चाळीस वर्षांचं नाव एका बाटलीभर तेलात बुडवायचं? म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. एका रोग्याला ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मिस्त्रीकडे सायकल द्यायला आता हरकत नाही. त्याचा हात सुधारलाय."

"तुमी औषध दिलं व्हय?" रोग्याने विचारलं.

बुवांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांनी नुसतं स्मित केलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मिस्त्रीच्या घरातली बरणी शेजारणीने पाहिलीच होती. मिस्त्रीचा गेलेला हात बुवांनी च्यवनप्राश देऊन परत आणला. चार लोक मुद्दाम येऊन बुवांच्या पाया पडून गेले. आणि हात गेला होता हे खरंच होतं, यावर शिक्कामोर्तब झालं. ज्यांना थोडीफार शंका होती, त्यांचीही फिटली. आजारातून उठलेल्या हाताखाली कोण सायकल देईल? सगळे म्हणाले, वर्षभर तरी थांबलेलं बरं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी बुवांची गत झाली, पण पाया पडून घेताना त्यांनी पाय मागे घेतले नव्हते, हेही सांगायला हवं.

तुळशीची लग्नं लागेपर्यंत मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप लागलं. नदीपलीकडे वीटभट्टी होती. तिथे तो विटा वाहायला जाऊ लागला. बुवा एकदा त्या बाजूला रोगी बघायला गेले, तेव्हा समोरून डोक्यावर विटांची पाटी घेऊन तो येत होता. बुवांना वाटलं, आता हा तोंड फिरवील. तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. मिस्त्री थांबला आणि नेहमीसारखा म्हणाला, "राम राम, बुवा. सायकल ठीक चालतीया न्हवं?"

"चालते," बुवा म्हणाले. आणि ते खाली बघत पुढे निघाले.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीची बायको बुवांच्या ओसरीवर आली. विटांच्या थप्पीखाली सापडून मिस्त्रीची दोन बोटं चेचली होती. उजव्या हाताची. तिला मलम हवं होतं. बुवांनी मलम काढून दिलं, कसं लावायचं ते सांगितलं, आणि वर म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या घरी येऊन गेलो होतो. मनापासून माफी मागितली होती. तुम्ही होतातच तिथे."

"व्हते की," ती म्हणाली. "चावडीम्होरं बोललासा, आन माफी आमच्या चुलीपाशी मागितलीसा. चुलीला काय कुणी सायकल आणून देत न्हाई बुवा." मलमाची पुडी पदराच्या टोकाला बांधत ती उठली. "हात गेला म्हनाला व्हतासा. तवा गेला न्हवता. आता चाललाय."

ती निघून गेली. बुवा तिथेच बसून राहिले. आत आणखी तिघं रोगी वाट बघत होते, पण त्यांना उठवेना. बाई रागावली असती, रडली असती, तर बुवांकडे उत्तर होतं. पण ती खरं बोलून गेली, आणि खऱ्याला औषध नसतं. आपण माफी मागितली ती मिस्त्रीसाठी नव्हे, स्वतःला झोप लागावी म्हणून मागितली, हे त्यांना लख्ख दिसलं. लाजेने त्यांचं अंग अंग पोळलं.

तीन दिवसांनी बाजार होता. बुवा सायकल हातात धरून उतार उतरले, चावडीपुढे थांबले आणि तिथल्या ओट्यावर चढले. बुवा ओट्यावर चढले म्हणताना माणसं गोळा झाली. काही साथबिथ आली की काय, असं लोकांना वाटलं.

बुवांनी घसा खाकरला. "मंडळी, माणसाने बोलताना विचार करावा. रागात निघालेला शब्द फार नुकसान करतो."

लोकांनी माना डोलावल्या. बुवा कुणालातरी कानपिचक्या देताहेत, असं समजून ते इकडेतिकडे बघू लागले. एवढ्यावर खाली उतरलं असतं तर वाहवा झाली असती. क्षणभर बुवांना तो मोह झालाही.

मग ते म्हणाले, "मी माझ्याबद्दल बोलतोय. दसऱ्यानंतरच्या बाजारात माझा ब्रेक लागला नाही, तो मिस्त्रीच्या चुकीने नव्हे. खंडेनवमीला मी चाकांना खोबरेल तेल लावलं होतं. माझ्या बायकोने मला हटकलं होतं. मिस्त्रीनेही विचारलं होतं. तुमच्यापुढे हसं झालं म्हणून मी त्याच्या हाताला नावं ठेवली. त्याचं काम चोख होतं."

मग कुंभारीण म्हणाली, "म्हंजी माझ्या पणत्या तुमच्या तेलानं फोडल्या म्हना की."

लोक हसले. बुवा मान खाली घालून उभे राहिले. या वेळी ते हसू त्यांनी दुसऱ्या कुणावर ढकललं नाही.

"पण बुवा," गर्दीतून एकाने विचारलं, "त्याचा हात तुम्ही औषधाने बरा केलात ना?"

हा प्रश्न येईल हे बुवांना ठाऊक होतं. घरून निघताना तो येऊ नये म्हणून त्यांनी देवाला हातही जोडले होते. "बरा काय करणार," ते म्हणाले. "हात बिघडलाच नव्हता. तुम्ही पाया पडलात आणि मी पडू दिलं. ती पहिल्यापेक्षा मोठी चूक आहे."

आता कुणी हसलं नाही. जे पाया पडून गेले होते, ते चौघं एकमेकांकडे बघू लागले. मागून एक म्हातारा म्हणाला, "मग आमच्या दम्याचंही असंच असेल का हो, न बघता सांगितलेलं?"

"कधीतरी तसंही झालं असेल," बुवा म्हणाले, आणि ओट्यावरून खाली उतरले. त्या दिवशी त्यांच्या ओसरीवर दोनच रोगी आले.

दूधवाला आणि शाळामास्तर त्याच संध्याकाळी भट्टीवर जाऊन, बोटं बांधून तशाच विटा वाहणाऱ्या मिस्त्रीला घेऊन आले. बोटं बरी व्हायला महिना गेला. मग दुकानाचं कुलूप निघालं. बुवा पहिल्या दिवशी भर बाजाराच्या वेळी तिथे गेले आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

मिस्त्रीने त्यांचे हात खाली केले. "बरं केलंसा बुवा," तो म्हणाला. "पर लई दिस लावलासा."

हळूहळू सायकली येऊ लागल्या. सगळ्या आल्या नाहीत. काहींना तालुक्याची सवय लागली होती. मधल्या बोटाला पूर्वीसारखी पकड राहिली नाही, म्हणून मिस्त्रीला पाना दोन्ही हातांनी धरावा लागे. उतारावरची फेरी तो अजूनही मारायचा. तरी त्यानंतरही एक शेतकरी असा होता, की मिस्त्रीने फेरी मारून "घ्या" म्हटलं, तरी तो जरा संकोचून म्हणायचा, "एकदा मीपण बघतो हं," आणि स्वतः सायकल घेऊन उतारावर जायचा. तो काही वाईट माणूस नव्हता. कधीतरी कानावर पडलेलं वाक्य त्याच्या मनातून गेलं नव्हतं, इतकंच. मिस्त्री हात पुसत दारात उभा राहायचा आणि तो परत येण्याची वाट बघायचा. बुवा त्या वेळी तिथून जात असले, तर मिस्त्रीच्या नजरेला नजर देणं त्यांना कधीच जमलं नाही.

तात्पर्य: चारचौघांत कुणाच्या कामाला बट्टा लावला, तर तो चारचौघांतच पुसावा, आणि लगेच पुसावा. उशीर केला तर बट्टा निघाला तरी वण राहतो.